वडिलांच्या नावेवर फायबर चढवावं का?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमची नाव १४ फूट लांब, मधोमध ४ फूट रुंद. तळ सागाचा, वरच्या फळ्या दुसऱ्या कुठल्या तरी लाकडाच्या. वडिलांनी १६ वर्षांपूर्वी सुताराकडून बांधून घेतली. आधी गावच्या मालगुजारी तलावात, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावात चालायची, आता तुम्ही ती वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला नेता. तासाभरात दोन बादल्या पाणी आत येतं. नाव रिकामी असली तर कमी, जाळी टाकून दोघं बसले की जास्त. उन्हाळ्यात दोन महिने ती पाळीवर पालथी पडून असते. आता तुम्हाला बाहेरून फायबर, म्हणजे काचतंतूंची मॅट आणि रेझिन, चढवायचं आहे, एकेक फळी ठोकून काठ उंच करायचे आहेत आणि मागे छोटं पेट्रोल इंजिन लावायचं आहे. शिवाय चुलतभावाची फायबरची नाव पाण्याखालच्या बुंध्यावर आदळून तडकली, तो तडा घरी बुजवता येईल का, हेही विचारलं आहे.

मी २८ वर्षं वैनगंगेच्या काठानं नावा दुरुस्त करून राहिलो. शिकलो काकाजींकडून. ते मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले जुने कारागीर. त्यांच्या हातची एक नाव अजून आमच्या तलावात चालते. तुमच्या तिन्ही बेतांवर माझं मत असं: फायबर चढवू नका, काठ उंच करू नका, इंजिन लावा पण सगळ्यात शेवटी. कारणं सांगतो, आणि त्याऐवजी काय करायचं तेही सांगतो.

तुमच्या प्रश्नातच दुखण्याचा पत्ता आहे. वजन पडलं की पाणी जास्त येतं, म्हणजे तळ बऱ्यापैकी धड आहे. नाव खाली दबली की जी फळी पाण्यात जाते, तिचा सांध उघडा आहे. तळाच्या फळ्या वर्षाचे दहा महिने ओल्या राहतात, फुगून एकमेकींना घट्ट धरतात. वरची फळी मात्र रोज ऊन खाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात लाकूड आकसतं आणि फळ्यांमध्ये नखाएवढी फट पडते. पुढे पाणी मिळालं की ती फट थोडी बुजते, पण तिच्यात भरलेला जुना कापूस आणि वरची लांबी, म्हणजे फट बुजवायची पुट्टी, तोवर सुटून गेलेली असते. दरवर्षी थोडी थोडी.

इथं एक गोष्ट मनात पक्की करून घ्या, कारण मोबाईलवर दिसणारे बहुतेक सल्ले समुद्रावरच्या नावांचे असतात. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात, शिंपले चिकटतात, म्हणून तिकडे तळाला तांबंयुक्त महागडा रंग लागतो. आपल्या तलावांत आणि नदीत तो किडा नाही. तो रंग घेऊ नका, पैसे तर जातातच, वर त्यातलं विष मासळीच्या पाण्यात उतरतं. उलट मीठ लाकडाला कुजण्यापासून थोडंफार वाचवतं, ते संरक्षण आपल्याकडे नाही. गोडं पाणी, त्यातून पावसाचं पाणी, नावेच्या आत कोपऱ्यात साचून राहिलं की लाकूड तिथून कुजायला लागतं. म्हणजे आपल्या नावेला बाहेरून ऊन खातं आणि आतून साचलेलं पाणी. तळ ज्या पाण्यावर तरंगतो त्याचा त्रास या दोघांपेक्षा फार कमी.

आता कामाला लागू. पावसाळ्यानंतरचं सगळं मासेमारीचं काम संपलं, होळी झाली, की नाव वर काढा. मे उजाडायची वाट बघू नका. त्या वेळी फळ्या इतक्या आकसलेल्या असतात की तुम्ही फटीत ठासून कापूस भराल, आणि नाव पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतील तेव्हा त्यांना जागाच उरणार नाही. मग फळी खिळ्यासकट फासळीवरून, म्हणजे नावेच्या आतल्या आडव्या आधारावरून, उचलली जाते. हे मी तीनदा पाहिलं आहे. फाल्गुन-चैत्रात लाकूड ना फार ओलं ना फार कोरडं, तेव्हा सांध भरावा.

नाव सावलीत सरळ, चार-पाच ठिकाणी लाकडी ओंडक्यांचा आधार देऊन ठेवा. आत चार बोटं पाणी ओता, त्याहून जास्त नको. जमिनीवर नावेला पाण्याचा बाहेरून आधार नसतो, आतल्या पाण्याचं सगळं ओझं ओंडक्यांवर पडतं आणि फासळ्या तडकतात. मग खाली वाकून बघा, कुठून थेंब पडतो. तिथे कोळशानं खूण करा. तळाच्या खुणा झाल्या की पाणी काढून टाका आणि वरच्या सांध्यांवर ओली चिंधी पिळत हळूहळू चाला, दुसऱ्यानं आतून बघायचं. एका सकाळीत नावेचा पूर्ण नकाशा हाती येतो. माझ्या अनुभवात पाणी दहा जागांहून येतंय असं वाटणाऱ्या नावेत खऱ्या जागा दोन-तीनच निघतात.

त्यानंतर बारीक स्क्रू ड्रायव्हर किंवा आरी घेऊन लाकूड टोचत जा. पुढचं टोक, मागची उभी फळी, फासळ्यांच्या खाली जिथे फळी टेकते ती जागा, आणि प्रत्येक खिळ्याभोवती. धड लाकडात टोक जेमतेम शिरतं आणि काढताना धरून ठेवतं. कुजलेल्या लाकडात ते भाकरीत बोट घुसावं तसं जातं. काळा पडलेला प्रत्येक डाग कुजलेला नसतो. साध्या लोखंडी खिळ्याच्या गंजानंही लाकूड काळं पडतं, म्हणून डोळ्यावर विसंबू नका, टोचून बघा.

फळी कुजलेली निघाली तर ती बदलायचीच. काकाजी म्हणायचे, "बापू, फळी मेली तर मेली म्हण." मी सुरुवातीच्या वर्षांत हे ऐकलं नाही. एका गरीब माणसाचे पैसे वाचवावे म्हणून कुजक्या फळीवर डांबर फासून वरून पत्रा ठोकला. पाणी थांबलं, तोही खूश, मीही खूश. पत्र्याआड ओल कोंडली आणि पुढच्या पावसाळ्यात फळी पत्र्यासकट निसटली. माणूस काठाजवळ होता, कमरेएवढ्या पाण्यात उतरून बाहेर आला. खोल पाण्यात असता तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही सोडत नाही. त्या दिवसापासून मी कुजलेलं झाकत नाही.

तुकडा बदलताना कुजलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंनी वीतभर धड लाकूड दिसेपर्यंत कापा आणि नवीन तुकड्याचा जोड फासळीवर आणा, मधे लटकता ठेवू नका. खिळे जस्त चढवलेले घ्या, मिळाले तर तांब्याचे. आधी बारीक छिद्र पाडून मगच खिळा मारा, नाहीतर जुनी फळी टोकाला फाटते.

आता सांध भरणं. हेच खरं काम आहे आणि यात घाई करू नये.

जुनी लांबी आणि कापूस वाकड्या खिळ्यानं किंवा जुन्या करवतीच्या पात्यानं पूर्ण काढा. फटीतली माती ब्रशनं झाडा. मग फटीच्या दोन्ही कडांना आतपर्यंत पातळ प्रायमरचा हात द्या आणि वाळू द्या. हा हात बरेच जण गाळतात. तो नसला तर कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि लांबी वर्षाच्या आत भुसा होऊन गळते.

कापूस आपल्या विदर्भात विकत शोधावा लागत नाही. सरकी काढलेला, लांब धाग्याचा घ्या. सूत कातणारे करतात तसा हलका पेळू करा, फटीपेक्षा थोडा जाड, आणि बोथट पटाशीनं हळूहळू आत बसवत जा. फटीच्या खोलीच्या दोन तृतीयांशापर्यंत कापूस, वरच्या उरलेल्या जागेत लांबी. कापूस घट्ट हवा पण दगडासारखा नको, अंगठ्यानं दाबला तर जरा दबला पाहिजे. फळी फुगेल तेव्हा तो दबून जागा देतो, आकसेल तेव्हा फुलून फट धरून ठेवतो. कडक होणारी एपॉक्सी पुट्टी म्हणूनच हलत्या सांध्यात चालत नाही. ती दोनपैकी एका फळीला धरून बसते आणि दुसरीपासून सुटते. खिळ्याचं डोकं झाकायला ती उत्तम, सांध्यात नको.

लांबी घरची करा. खडूची भुकटी आणि कच्चं जवसाचं तेल, मळून मळून कणकेसारखी. जिथे जास्त चिवटपणा हवा, म्हणजे तळाच्या मधल्या सांध्यात, तिथे काकाजी राळ घालायचे. ही राळ सालवृक्षाची. बारीक कुटून, मंद आचेवर वितळवून त्यात जवसाचं तेल मिसळायचं. हे काम उघड्यावर, घरापासून लांब करा आणि भांड्यावर घट्ट बसेल असं झाकण हाताशी ठेवा. पेट घेतला तर झाकण टाका, पाणी कधीच टाकू नका, जळतं तेल उडून अंगावर येतं.

तेलांबद्दल दोन गोष्टी. आपल्याकडे टोळीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, आणि करंजाचं तेल घरात सहज असतं, म्हणून लोक तेच नावेला लावतात. ती तेलं वाळत नाहीत, चिकट राहतात, त्यावर धूळ बसते आणि पुढे रंग धरत नाही. जवसाचं तेल हवेत वाळून त्याची सालीसारखी पापडी होते, म्हणून लाकडाला तेच. आणि गॅरेजमधलं जळकं ऑइल तर अजिबात नको. ते वाळत नाही, लांबीला सोडवतं आणि थेंबाथेंबानं तलावात उतरतं. ज्या पाण्यावर आपलं पोट आहे त्यात ते सोडण्याची मला लाज वाटते.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या बोळा करून फेकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं. उघड्या चिंधीतली ती उडून जाते, बोळ्यात कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेट घेते. आमच्या शेजारच्या वाडीत तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाजवळ असा बोळा पडला आणि संध्याकाळी ढीग धुमसायला लागला. पाण्याचं पिंप जवळ होतं म्हणून गोठा वाचला. चिंध्या एकेक करून दोरीवर वाळत घाला किंवा पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

सांध भरून, लांबीवर पापडी धरली की बाहेरून प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात. रंग फिकट घ्या, पांढरा किंवा फिकट निळा. काळी नाव उन्हात इतकी तापते की हात टेकवत नाही, आणि जितकी तापेल तितकी फळी आकसेल. आतून मात्र जाड रंग थापू नका, तिथे जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात पुरे. दोन्ही बाजूंनी कोंडलेल्या लाकडात शिरलेली ओल बाहेर पडत नाही.

यावरून फायबरचं उत्तर तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्या फळ्या दर मोसमात फुगतात आणि आकसतात, त्यांच्यावर तुम्ही न हलणारं कवच बसवू पाहता. बाजारात स्वस्त मिळणारं पॉलिस्टर रेझिन लाकडाला फार चांगलं चिकटतही नाही, आणि साग तेलकट असल्यामुळे त्याला तर आणखी कमी. वर्ष-दोन वर्षांत कडेला बारीक भेग पडते, पाणी आत जातं आणि परत बाहेर येत नाही. बाहेरून नाव चकचकीत दिसते आणि आत फळी भिजल्या पावासारखी झालेली असते. वजनही बघा. तुमच्या नावेचं बाहेरचं क्षेत्र अंदाजे ७ चौरस मीटर भरेल. त्यावर ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर आणि त्याला लागणारं रेझिन धरलं तर २० किलोंच्या वर जातं. एवढं ओझं कायमचं उचलून फिरायचं आणि सोळा वर्षं टिकलेलं लाकूड कुजवायचं, हा सौदा मला पटत नाही. नवीन नाव प्लायवूडची बांधून तिच्यावर एपॉक्सीसोबत फायबर चढवणं वेगळी गोष्ट आहे. प्लायवूड फारसं फुगत-आकसत नाही. तशी नाव कधी बांधलीत तर आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लायवूडच घ्या. ३०३ च्या शिक्क्याचं प्लायवूड फर्निचरचं, नावेचं नाही.

तुमचा खरा फायदा नाव उन्हाळ्यात कशी ठेवता यात आहे. तलावात किंवा नदीच्या डोहात पाणी उरत असेल तर नाव बाहेर काढून पालथी ठेवण्यापेक्षा दुरुस्ती झाल्यावर सावलीच्या काठाला पाण्यातच बांधा. जुनी माणसं नावेत दगड टाकून तिला पाण्यात बुडवून ठेवायची, ते उगाच नव्हतं. पाण्याखाली पूर्ण बुडालेलं लाकूड ना आकसतं ना कुजतं, कारण कुजायला हवा लागते. पाणी आटतच असेल तर नाव झाडाखाली विटांवर किंवा दगडांवर चढवून ठेवा, वरून तणसाचा हातभर थर, आणि दिवसाआड संध्याकाळी वरच्या फळ्यांवर ओलं पोतं. नाव मातीला टेकता कामा नये. वाळवी आठवडाभरात मातीची नळी बांधून दगडावरून वर चढते, म्हणून दर आठवड्याला खालून नजर फिरवा आणि नळी दिसली की खरवडून टाका. हे जमलं तर पुढच्या वर्षी सांध भरायचं काम अर्ध्यावर येईल.

पैसे थोडे आणि उपयोग भरपूर अशा दोन-तीन सुधारणा मात्र जरूर करा. बुरडाकडून नावेच्या मापाच्या बांबूच्या तट्ट्या करून घ्या आणि तळात अंथरा, ठोकू नका. पाय सरळ तळाच्या फळीवर पडत नाहीत, साचलेलं पाणी खालून एका जागी येतं, आणि तट्टी उचलून रोज तळ साफ करता येतो. जलपर्णीचे तुकडे आणि मासळीची घाण तळात राहिली की तिथलं लाकूड कधी वाळतच नाही. दुसरी सुधारणा काठाची. पाऊण इंची पीव्हीसी पाइप लांबीनं एका बाजूला चिरून काठावर टोपीसारखा बसवा. जाळं अडकत नाही, फाटत नाही, आणि काठाचं लाकूडही घासत नाही. वल्ह्याच्या दोरीच्या फासाऐवजी सायकलच्या ट्यूबचा दुहेरी फास घाला, आवाज कमी होतो आणि खुंटी झिजत नाही. वल्ह्याच्या मुठीला रंग देऊ नका, फोड येतात, फक्त जवसाचं तेल द्या.

काठ उंच करायची गरज तुम्हाला का वाटली ते समजतं. गावच्या तलावात लाट कुठली, पण गोसीखुर्दचं बॅकवॉटर उघडं आहे, दुपारचा वारा सुटला की पाणी काठावरून आत येतं. फळी वाढवल्यानं मात्र वजन वर जातं आणि नाव डोलायला लागते. आणि उंच काठ दिसला की माणूस ओझं वाढवतो, हेही तितकंच खरं. आधी हिशेब करा. तुमच्या मापाच्या नावेला एक सेंटिमीटर खाली जायला साधारण ३५ किलो लागतात. म्हणजे आणखी एक माणूस आणि भिजलेली जाळी मिळून १०० किलो वाढले तर नाव ३ सेंटिमीटर दबेल. हे गणित आहे, पण नावेवर तपासून बघा. काठाजवळ उथळ पाण्यात नाव घ्या, नेहमीची माणसं बसवा, जाळी आणि मासळीच्या वजनाची रेतीची पोती ठेवा, आणि मधोमध पाण्यापासून काठापर्यंत वीत लावा. पूर्ण वीत उरली पाहिजे. उरत नसेल तर फेऱ्या दोन करा. बॅकवॉटरला माझा हाच नियम आहे आणि तो मी कोणासाठी मोडत नाही.

काठावर खर्च करायचे पैसे तरंगण्यावर करा. रिकामी लाकडी नाव पाणी भरलं तरी बुडून तळाला जात नाही, पण इंजिन आणि माणसं धरून ठेवायची ताकद तिच्यात नसते. ३५ लिटरचे चार रिकामे, झाकण घट्ट असलेले प्लास्टिकचे कॅन घ्या. एकेक कॅन पाण्यात ३० किलोंच्या वर उचल देतो. ते तळात ठेवू नका, तळात ठेवले तर पाणी भरल्यावर नाव पालथी होते. दोन्ही बाजूंना, बसायच्या फळीखाली, जितके वर बसतील तितके वर बांधा. ही उचल वरच्या दिशेनं जोर करते, म्हणून पट्टा कॅनच्या वरून फिरवून फासळीला खाली जखडा. थर्माकोल वापरणार असाल तर इंजिनाजवळ नको, पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. आणि लाइफ जॅकेट अंगात घालायचं, बुडाखाली उशी म्हणून नाही. पोहता येतं म्हणून जॅकेट नको म्हणणारे आमच्याकडेही पुष्कळ आहेत. जाळ्यात पाय अडकला की पोहणं कामाला येत नाही. रोहिणी-मृगाच्या दिवसांत आभाळात पहिली गडगड ऐकू आली की जाळं पाण्यात असेल तसं सोडून काठावर या.

आता इंजिन. तुमच्या नावेला पाण्यात १३ फूट लांबी मिळते असं धरलं तर ती ताशी ९ किलोमीटरच्या आसपास धावेल, त्यापुढे ती स्वतःच्या लाटेत अडकते. मोठं इंजिन लावलं तर मागचं टोक खाली बसतं, पेट्रोल जळतं, वेग वाढत नाही. दोन ते तीन हॉर्सपॉवर पुरेत. पण आधी मागची उभी फळी टोचून बघा. इंजिनाचा सगळा ढकल आणि थरथर तीच सोसते. तिला आतून आयएस ७१० प्लायवूडचा दुहेरी थर द्या आणि तो दोन्ही बाजूंच्या फासळ्यांना कोन देऊन बांधा, आरपार बोल्ट आणि आतून रुंद वायसर. फळीची मधली उंची मोजूनच इंजिन घ्या. आखूड दांड्याचं इंजिन १५ इंचांच्या फळीला बसतं, लांब दांड्याचं २० इंचांच्या. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली आली पाहिजे.

गोसीखुर्दच्या पाण्याखाली झाडांचे बुंधे उभे आहेत आणि पाण्याची पातळी बदलली की ते वेगवेगळ्या खोलीवर येतात. तुमच्या चुलतभावाला ते कळलंच आहे. इंजिनाच्या पंख्याला शिअर पिन असेल तर आदळल्यावर ती तुटून गिअर वाचवते. अशा दोन पिना, पाना आणि पक्कड तेलकट कापडात गुंडाळून नावेत कायम ठेवा. इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला बांधा. वल्ही घरी ठेवून जाऊ नका. बेशरमाची झुडपं आणि जलपर्णी माजलेल्या तलावात इंजिन नेऊच नका, पंख्याला वेल गुंडाळते, तिथे बांबूच बरा.

बॅटरीच्या मोटरीबद्दल बरेच जण विचारतात. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी २५ किलोंच्या पुढे भरते आणि निम्म्याहून जास्त वापरली तर लवकर मरते. मोटर पूर्ण जोरात ४०-५० अँपिअर ओढते, म्हणजे तासभर. लहान तलावाला छान, आवाज नाही, धूर नाही. बॅकवॉटरला उलट्या वाऱ्यात ती तुम्हाला घरी आणणार नाही.

राहिली फायबरची नाव. तो तडा घरी बुजतो, आणि चांगला बुजतो. आधी नाव सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या, तड्यातून आतल्या थरांत पाणी गेलेलं असतं. मग ग्राइंडरनं तड्याच्या दोन्ही बाजूंनी उतार करत घासा. जाडी ५ मिलिमीटर असेल तर प्रत्येक बाजूला ६ सेंटिमीटर, म्हणजे जाडीच्या बारापट. नुसती फट भरली तर पुढच्या धक्क्याला तिथेच तुटेल. घासताना चांगला मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. ती धूळ काचेची असते. जागा अॅसिटोननं पुसा आणि पुसल्यावर हात लावू नका.

दुकानात अॅक्सिलरेटर आधीच मिसळलेलं रेझिन मागा. तो अॅक्सिलरेटर म्हणजे जांभळा कोबाल्ट, आणि रेझिन कडक करणारा हार्डनर, हे दोन एकमेकांत थेट कधी ओतायचे नसतात, स्फोट होतो. हार्डनर १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम, आपल्या उन्हाळ्यात १ च. काम पहाटे करा, आणि एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त कालवू नका, दुपारी डब्यातच उकळून धूर सोडतं. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. पहिला तुकडा लहान, पुढचा मोठा असे थर चढवा आणि प्रत्येक थरातली हवा रोलरनं काढा, पांढरा ठिपका दिसला तर तिथे हवा आहे. शेवटचा थर हवेत चिकट राहतो, त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा, सकाळी सोललं की पृष्ठभाग कडक मिळेल. हार्डनर डोळ्यात उडाला तर पंधरा मिनिटं सलग पाण्यानं धुवा आणि सरळ दवाखाना गाठा, त्यानं नजर जाते. आतूनही दोन थर द्या आणि ज्या जागी आदळलं तिथे आडवी फासळी आहे का बघा, नसेल तर एक बसवा.

तुमची नाव भरून झाली की लगेच कामाला नेऊ नका. काठाला दोन दिवस पाण्यात बांधून ठेवा. पहिल्या रात्री पाणी येईल, घाबरू नका, फळ्या फुगू द्या. तिसऱ्या दिवशी सगळं उपसून तासभर थांबा आणि किती आलं ते मोजा. पेलाभर असेल तर तुमचा हात बसला. नंतर पोती ठेवून वीत उरते का बघा, आणि मागच्या फळीची उंची आणि जाडी किती भरली ते मला कळवा, मग कोणतं इंजिन घ्यायचं ते ठरवू.